संगणक बदलण्याआधी ब्राउझर तपासा

महिन्याची वीस तारीख होती आणि संध्याकाळचे सात वाजले होते. तयार कपड्यांचा छोटा व्यवसाय करणाऱ्या माझ्या एका नातलगाचा फोन आला. आवाजात घाबरेपणा होता. जीएसटीआर-३बी भरण्याचा शेवटचा दिवस, आणि घरातला संगणक अडून बसला होता. पान उघडायला पाच मिनिटे लागत होती, मधेच पडदा पांढरा होत होता आणि बाण हलायचा थांबत होता. दुपारी दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने यंत्राकडे एकदा पाहिले आणि निकाल दिला, "चाचा, हे मशीन आता जुने झाले. पस्तीस हजारांत नवीन बसवून देतो."

मी पोहोचलो तेव्हा अकरावीत शिकणारी त्यांची मुलगी संगणकासमोर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, संगणक ठीक आहे. हिशेबाची फाईल लगेच उघडते, छपाईही होते. फक्त ब्राउझर अडतोय." तिचे म्हणणे खरे निघाले. ब्राउझरमध्ये एकेचाळीस टॅब उघडे होते. नऊ एक्स्टेन्शन बसवलेली होती आणि त्यातली सहा कोणी व कधी बसवली हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. पाऊण तास आम्ही साफसफाई केली. साडेनऊच्या सुमारास विवरणपत्र दाखल झाले. एक रुपयाही खर्च झाला नाही.

ही हकिगत सांगण्याचे कारण निराळे आहे. याच घरात दोन वर्षांपूर्वी हीच तक्रार झाली होती. तेव्हा आलेल्या माणसाने संगणक सरळ 'फॉरमॅट' करून दिला होता. ब्राउझर काही महिने वेगाने चालला हे खरे, परंतु उधारीची पाच वर्षांची नोंद त्याबरोबर पुसली गेली. त्या नोंदीची दुसरी प्रत कोठेही नव्हती. सव्वा लाखाच्या उधारीपैकी निम्मी ग्राहकांच्या भलेपणावर वसूल झाली, उरलेली बुडाली. ब्राउझर मंद चालणे हा किरकोळ त्रास वाटतो, परंतु त्यावर चुकीचा इलाज झाला तर धंद्याचे मोठे नुकसान होते.

दुसऱ्याच्या हवाली करणे किती दिवस?

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांची एक सवय या निमित्ताने बोलून दाखवणे भाग आहे. कापडाचा ताणा सैल पडला तर भिवंडी-मालेगावचा कारागीर आवाजावरून ओळखतो. शिलाई मशिनाचा टाका सुटू लागला तर आपली आई-बहीण स्वतः सुई बदलते, दोरा बदलते, तेल घालते. मिस्त्रीला बोलावणे हा शेवटचा उपाय असतो. मात्र संगणक अडला की आपण लगेच हात वर करतो. "ते आपले काम नाही" असे म्हणून ज्याच्यावर धंद्याचा सारा हिशेब आहे ते यंत्र अनोळखी माणसाच्या हाती देतो, आणि तो काय करतो हे पाहतही नाही.

यावर काही जण म्हणतील की व्यापाऱ्याने व्यापार करावा, यंत्राचे जाणकाराने पाहावे. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. सुटे भाग बदलणे, वीजपुरवठ्याचा दोष शोधणे हे जाणकाराचेच काम आहे आणि त्याची रास्त मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. परंतु दुखणे कोठे आहे एवढे तरी घरच्या माणसाला कळले पाहिजे. तराजू खरा की खोटा हे पाहता न येणारा दुकानदार जसा फसतो, तसाच मंदपणाचे कारण न समजणारा संगणकधारक फसतो. म्हणून खालच्या गोष्टी प्रत्येक व्यापारी घरात निदान एकाला तरी आल्या पाहिजेत असे माझे मत आहे.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

ब्राउझर अडण्याची तीन मुख्य ठिकाणे असतात: समोरचे संकेतस्थळ, मधले इंटरनेट आणि आपला संगणक. ही तीन ओळखण्यास दहा मिनिटे पुरेत.

पान येत नाही, परंतु ब्राउझरची यादी उघडते आणि दुसऱ्या टॅबवर जाता येते, असे असेल तर बहुधा इंटरनेट किंवा समोरचे संकेतस्थळ मंद आहे. याउलट बटण दाबूनही काही हलत नसेल, पान प्रतिसाद देत नाही अशी पाटी येत असेल, तर दोष ब्राउझरचा किंवा संगणकाचा मानावा.

दुसरी कसोटी मोबाईलची. तेच संकेतस्थळ मोबाईलवर, घरच्या वायफायऐवजी मोबाईलच्या डेटावर उघडून पाहावे. तेथेही ते रखडत असेल तर आपल्या संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. शेवटच्या तारखेला सरकारी संकेतस्थळावर सगळे व्यापारी एकदमच येतात, तेव्हा गर्दी तेथेच असू शकते. दरमहा जीएसटीआर-१ ची मुदत अकरा तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी ची वीस तारखेपर्यंत असते. उशीर झाला तर रोजचे पन्नास रुपये विलंब शुल्क, विवरणपत्र निरंक असेल तर वीस रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक अठरा टक्के व्याज. हे काम चार दिवस आधी उरकणे हा ब्राउझरच्या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज होय.

तिसरी कसोटी दुसऱ्या ब्राउझरची. क्रोम अडत असेल तर तेच पान एज किंवा फायरफॉक्समध्ये उघडा. तेथे ते नीट चालले तर संगणक आणि इंटरनेट दोन्ही निर्दोष ठरले आणि पहिल्या ब्राउझरची साफसफाई पुरेल. सगळेच ब्राउझर अडत असतील तर मात्र यंत्राकडे वळावे लागेल.

ब्राउझर इतकी जागा का खातो?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्या काळी पान म्हणजे थोडा मजकूर आणि एखादे चित्र. आज एका पानात चित्रफिती, जाहिराती, नकाशे आणि आपण काय पाहतो याची नोंद ठेवणारे छुपे कार्यक्रम एकत्र येतात. २००८ साली क्रोम आला तो निरनिराळ्या टॅबसाठी वेगवेगळी प्रक्रिया चालवणारी रचना घेऊन. एक पान बिघडले तरी बाकीची वाचावीत, हा त्याचा हेतू होता. २०१८ मध्ये सुरक्षेसाठी प्रत्येक संकेतस्थळ आणखी वेगळे ठेवण्याची व्यवस्था क्रोममध्ये सुरू झाली, आणि त्यासाठी दहा ते तेरा टक्के अधिक मेमरी लागते हे खुद्द गूगलनेच त्या वेळी सांगितले. म्हणजे आपण काही न बदलताही तेच यंत्र ब्राउझरला अपुरे पडू लागते.

दुकानाच्या भाषेत सांगायचे तर रॅम म्हणजे समोरची गादी आणि डिस्क म्हणजे मागचे गोदाम. गादीवर चार थाने उलगडली तर ग्राहकाला लगेच दाखवता येतात. चाळीस थाने उलगडली की जागा संपते आणि नोकराला दर वेळी एक थान गोदामात ठेवून दुसरे आणावे लागते. संगणकातही हेच होते. रॅम भरली की विंडोज काही मजकूर डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असेल तर ही ने-आण फारच मंद होते. पडदा गोठतो तो बहुधा याच वेळी.

साफसफाई कोणत्या क्रमाने करावी?

पहिले काम म्हणजे कोण किती जागा खाते ते पाहणे. क्रोम किंवा एज उघडा ठेवून शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणे एकत्र दाबली की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये तो 'मोअर टूल्स' या यादीत सापडतो. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरते ते दिसते. मेमरीच्या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत मोठा खाणारा वर येतो. त्याला निवडून बंद करावे. मात्र अर्धवट भरलेला अर्ज त्या टॅबमध्ये असेल तर तो जाईल, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे काम टॅबचे. पुढे लागेल म्हणून उघडे ठेवलेले पान बुकमार्क करून बंद करावे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी सेव्हर' आहे. ते चालू केले की न वापरलेले टॅब आपोआप झोपवले जातात. एजमध्ये याच कामासाठी 'स्लीपिंग टॅब्स' आहे. ही सोय ब्राउझरमध्येच आहे, त्यासाठी बाहेरून काही बसवण्याची गरज नाही.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम एक्स्टेन्शनचे. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तेथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. त्या खिडकीत सारे सुरळीत चालले तर दोषी एक्स्टेन्शनच असण्याचा संभव मोठा आहे. मग यादी उघडून सगळी बंद करावीत आणि एकेक चालू करून पाहावे. सवलतीची कुपने दाखवणारी, पीडीएफ बदलून देणारी, हवामान सांगणारी अशी जी ओळखीची नाहीत ती काढूनच टाकावीत. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' यादीतला 'ट्रबलशूट मोड' हेच काम करतो.

चौथे काम साठलेल्या तात्पुरत्या फायलींचे. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबले की पुसण्याची खिडकी येते. तेथे केवळ 'कॅश' म्हणजे साठवलेली चित्रे आणि फायली निवडाव्यात. कुकीज पुसल्या तर सगळीकडे पुन्हा लॉग इन करावे लागते. पासवर्डसमोर खूण करू नये. अनेक बांधव घाईने सगळ्या चौकटींवर खुणा करतात आणि मग बँकेचा पासवर्ड शोधत बसतात. हेही सांगितले पाहिजे की कॅश रोज पुसण्याने वेग वाढत नाही, उलट प्रत्येक पान नव्याने आणावे लागल्याने तो घटतो. एखादे संकेतस्थळ विचित्र वागू लागले तरच हा उपाय करावा.

पाचवे, ब्राउझर अद्ययावत आहे ना हे 'अबाउट' या पानावर पाहावे, आणि तो बंद करून पुन्हा सुरू करावा. आठवडेच्या आठवडे संगणक नुसता झोपवून ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. आठवड्यातून एकदा तो 'रीस्टार्ट' केला तरी बराच फरक पडतो.

एवढे करूनही ब्राउझर अडत असेल तर सेटिंग्जमधून 'रीसेट' करावे. क्रोममध्ये याने एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात आणि सारे मूळ स्थितीत येते. बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड मात्र राहतात. संगणक 'फॉरमॅट' करण्याची भाषा कोणी करत असेल तर त्याने ही पायरी केली आहे का, असे त्याला आधी विचारावे.

वेग वाढवून देणाऱ्यांपासून सावध

संगणक मंद झाला की लोक वेग वाढवणारे फुकटचे सॉफ्टवेअर शोधू लागतात. याविषयी दोन खऱ्या घटना सांगतो. न वापरलेले टॅब झोपवणारे 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचे एक्स्टेन्शन फार लोकप्रिय होते. २० लाखांहून अधिक लोक ते वापरत होते. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या मालकीचे झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कार्यक्रम असल्याचे सांगून गूगलने ते काढून टाकले. दुसरी घटना २०१७ ची. संगणकाची साफसफाई करणारे 'सीक्लीनर' हे जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या अधिकृत प्रतीतच चोरट्यांनी घातक भाग घुसवला आणि २० लाखांहून अधिक संगणकांवर ती प्रत गेली. दोन्ही वस्तू सुरुवातीला चांगल्याच होत्या. घरात जितके कमी बाहेरचे लोक, तितकी चोरीची भीती कमी, एवढा धडा यातून घ्यावा.

त्याहून मोठा धोका पडदा व्यापणाऱ्या लाल पाटीचा. "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा" असे तीवर लिहिलेले असते, कर्कश आवाज चालू असतो आणि ब्राउझर गोठल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो गोठलेला नसतो, पानच तसे बनवलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. अशा वेळी फोन करू नये. एस्केप काही क्षण दाबून धरावे, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. फोन केला की समोरचा माणूस आपला संगणक दुरून ताब्यात घेतो आणि काम बँक खात्यापर्यंत जाते. दुर्दैवाने हा धंदा करणारी अनेक बनावट कॉल सेंटरे आपल्याच देशात चालतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

कोपऱ्यात सतत येणाऱ्या जाहिरातींच्या सूचना हाही असाच प्रकार. कधीतरी आपणच एखाद्या संकेतस्थळाला 'अलाउ' म्हटलेले असते. सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स' या यादीत जाऊन अनोळखी नावे काढून टाकावीत.

खर्च करायचाच तर कोठे करावा?

काही वेळा यंत्र खरोखरच अपुरे असते, हे कबूल केले पाहिजे. सगळे ब्राउझर अडतात, सुरू व्हायलाच संगणक पाच-सात मिनिटे घेतो, असे असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील 'परफॉर्मन्स' हे पान पाहावे. मेमरी सतत नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम वाढवावी. चार जीबी रॅमवर आजचा ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकत्र चालवणे कठीण आहे, आठ जीबीवर घरगुती धंद्याचे काम सहसा निभावते. डिस्क सतत शंभर टक्के दाखवत असेल आणि ती तबकडीची असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. अनेक जुनी यंत्रे एवढ्या बदलाने पुन्हा उपयोगी पडतात, आणि नव्या संगणकाच्या किमतीचा थोडासाच भाग खर्च होतो. एकाच वेळी दोन-दोन अँटिव्हायरस चालू असतील तर एक काढावा. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर बहुतेकांना पुरेसा आहे.

विंडोजच्या आवृत्तीचाही विचार करावा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर चालत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणांची सोय जाहीर झाली होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, म्हणून काही जुन्या संगणकांवर ती अधिकृतपणे बसत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात ते असे आधाराविना ठेवणे मला योग्य वाटत नाही. नवीन यंत्र घेण्यास हे एक खरे कारण आहे. "जुने झाले" हे नुसते शब्द कारण म्हणून पुरेसे नाहीत.

दुरुस्तीला यंत्र देण्याआधी हिशेब, बिले, नमुन्यांची चित्रे आणि उधारीची नोंद पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. शक्य तर दोन ठिकाणी. दुरुस्तीवाल्याला दोन प्रश्न विचारावेत: मेमरी आणि डिस्कचा आकडा किती दिसला, आणि एक्स्टेन्शन बंद करून पाहिली का? उत्तर नीट मिळाले तर माणूस जाणकार आहे, त्याला मजुरी आनंदाने द्यावी.

शेवटी एक सूचना. आपल्या प्रत्येक बाजारात व्यापाऱ्यांची संघटना आहे, मोहल्ल्यात शाळा आहे, आणि संगणक शिकलेल्या मुली-मुलांची आज कमी नाही. महिन्यातून एका रविवारी दोन तास, वर सांगितलेली कामे या मुलांनी व्यापाऱ्यांना आणि घरी जरी-भरतकाम करणाऱ्या भगिनींना प्रत्यक्ष करून दाखवावीत. चहाखेरीज याला खर्च नाही. ज्या घराची हकिगत सुरुवातीला सांगितली, तेथे आता दर महिन्याच्या पंधरा तारखेला ती मुलगी टॅब आणि एक्स्टेन्शन तपासते आणि उधारीची नोंद पेन ड्राइव्हवर उतरवते. पस्तीस हजार रुपये वाचले, त्यातून दुकानात एक शिलाई मशीन आले.